डाव मांडण्यापूर्वी : एक प्रस्तावना

चंद्रपूर जिल्ह्यात पत्त्यांवर पुस्तक लिहावयाचे आणि त्यास एखाद्या वयस्क गृहस्थाची प्रस्तावना मागावयाची, हे दोन्ही उद्योग धाडसाचे आहेत. कारण आमच्या मुलखात पत्ते म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पोळ्याच्या सणाला गावाबाहेरच्या झाडीत बसलेला फड, त्याच्यावर पडलेली पोलिसांची धाड, पंचनाम्यात बावन्न पानांसह नोंदलेली रोकड व मोटारसायकली, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर छापून आलेली आरोपींची नामावळी, एवढे सारे एका क्षणात उभे राहते. गडचिरोलीकडच्या कोंबडबाजाराची गोष्ट काढली तरी चित्र फारसे बदलत नाही. अशा स्थितीत पोकर या परदेशी खेळाविषयी, आणि तेही त्याचे नियम सांगून न थांबता तो उत्तम खेळण्यासाठी मनाची मशागत कशी करावी हे समजावून देण्यासाठी, ग्रंथकर्त्याने एवढी पृष्ठे खर्ची घालावीत, आणि वाघाखेरीज अन्य कोणत्याही कारणाने बाहेरच्या जगाने ज्याचे नाव ऐकलेले नाही अशा मोहर्ली गावी राहणाऱ्या माझ्याकडे पुस्तकाची प्रस्तावना मागावी, यात वाचकास कौतुकापेक्षा संशयच अधिक वाटला तर तो गैरवाजवी म्हणता येणार नाही.

संशयाचे निरसन प्रथम कायद्याच्या बाजूने करून घेतलेले बरे. हा जिल्हा मध्यप्रांतात मोडत असताना येथे १८६७ चा जुगारविषयक कायदा अमलात होता. मुंबई इलाख्याने आपला स्वतंत्र कायदा १८८७ साली केला, आणि तोच पुढे महाराष्ट्राचा म्हणून चालत आला. दोन्ही कायद्यांनी निव्वळ कौशल्याच्या खेळांस आपल्या कक्षेबाहेर ठेवले, आणि कौशल्य कोणते व दैव कोणते याचा निवाडा न्यायालयांच्या माथी मारला. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली चमारबागवाला प्रकरणात ज्या खेळात कौशल्याचे पारडे जड तो कौशल्याचा, असा मापदंड घालून दिला. १९६७ साली सत्यनारायण प्रकरणात रमीमध्ये पडलेली पाने स्मरणात ठेवावी लागतात म्हणून तिला कौशल्याच्या बाजूस बसविले, आणि त्याच निकालपत्रात आपल्या तीन पत्तीस, तिच्या फ्लश व ब्रॅग या नावांनी, शुद्ध दैवाचा खेळ म्हणून बाजूला सारले. पोकरचे मात्र भिजत घोंगडे पडले: कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ साली त्याच्याकडे सौम्य दृष्टीने पाहिले, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली, आपल्याच १८८७ च्या कायद्याच्या गुजराती अवताराखाली, त्यास जुगार ठरविले. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशाचे सर्वच खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, एका अधिनियमाने बंद केले. प्रस्तुत पुस्तकातील एकही प्रकरण पैसे लावून खेळण्याविषयी नाही. ग्रंथकर्त्याने सारी उदाहरणे चिंचोक्यांत दिली आहेत, आणि या चिंचोक्यांविषयी मला पुढे थोडे बोलावयाचे आहे.

न्यायालयांपुढील प्रश्न असा असतो की हा खेळ कौशल्याचा किती आणि दैवाचा किती. खेळाडूच्या दृष्टीने हा प्रश्न अर्धवट आहे. एका हातापुरते पाहिले तर दैवाचे राज्य जवळजवळ निरंकुश असते. हजार हातांचा जमाखर्च मांडला तर दैव सर्वांच्या खाती सारखेच जमा झालेले आढळते आणि शिल्लक उरते ती केवळ निर्णयांची. अडचण एवढीच की मनुष्य हजार हात एकदम खेळत नाही. तो एकेक हात खेळतो, प्रत्येक हाताच्या शेवटी हरतो वा जिंकतो, आणि त्या हरण्या-जिंकण्याचा जो परिणाम त्याच्या अंतःकरणावर होतो तो घेऊन पुढच्या हातास बसतो. मनाची तयारी म्हणून जे काही आहे ते या फटीत आहे.

ज्यांनी तीन पत्तीपलीकडे मजल मारलेली नाही त्यांच्यासाठी खेळाचे स्वरूप थोडक्यात सांगतो. आज सर्वत्र रूढ असलेल्या टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येक भिडूस दोन पाने झाकून मिळतात, आणि पाच पाने, आधी तीन, मग एक आणि शेवटी आणखी एक, सर्वांच्या समाईक मालकीची म्हणून मध्यभागी उघडी मांडली जातात. या सातांतून प्रत्येकाने आपली उत्तम पाच जुळवावयाची, आणि प्रत्येक टप्प्यावर बोली लावावयाची, दुसऱ्याच्या बोलीस बरोबरी करावयाची, ती वाढवावयाची, अथवा पाने टाकून त्या हातापुरते मोकळे व्हावयाचे. समाईक पाने उघडी असल्यामुळे दुसऱ्याच्या हाती काय असू शकेल याचा तर्क करण्यास येथे भरपूर सामग्री मिळते, आणि म्हणूनच तीन पत्तीतील छातीठोकपणा या खेळात फार काळ तग धरत नाही. हिशेबाची आमच्याकडे किती हेळसांड आहे याचा एक मासला येथे नोंदवून ठेवतो. तीन पत्तीत तीन सारख्या पानांची ट्रेल सर्वश्रेष्ठ मानतात आणि एकाच रंगाची क्रमवार तीन पाने, ज्यास प्युअर सिक्वेन्स म्हणतात, ती तिच्या खालची. वस्तुतः बावन्न पानांतून तीन पानांच्या २२,१०० जुळण्या होतात. त्यांत ट्रेल ५२ आहेत आणि प्युअर सिक्वेन्स ४८, म्हणजे खालच्या पायरीवर बसविलेली जुळणीच अधिक दुर्मीळ. दर दिवाळीस तीन पत्ती खेळणाऱ्या किती घरांत ही मोजणी कोणी केली असेल, याची मला शंकाच आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. होल्डेममध्ये दोन एक्के हाती येणे हे सर्वांत मोठे भाग्य. ते २२१ हातांत सरासरी एकदा लाभते. समजा, ते लाभले, समोरच्याच्या हाती दोन बादशहा आहेत, आणि पहिल्याच टप्प्यावर दोघांनीही आपले सारे चिंचोके मध्ये लोटले. एक्केवाल्याच्या बाजूने शंभरांत सुमारे ब्याऐंशी वेळा निकाल लागेल, म्हणजे दर पाचसहा प्रसंगांत एकदा तो हरेल. आणि हरेल तेव्हा त्याने केलेल्या कृतीत तिळमात्र दोष नसेल. हे गणित ऐकताना प्रत्येकजण मान डोलावतो. परंतु शेवटच्या पानाला बादशहा उघडा पडतो तेव्हा डोलावलेल्या त्या मानेत एकाएकी रक्त चढते; आपल्यावर अन्याय झाला, समोरच्याने लायकी नसता लुबाडले, आणि हा हिशेब आत्ता, या रात्रीच, या माणसाकडूनच चुकता झाला पाहिजे, अशी भावना उसळते. पुढचा हात खेळणारा मनुष्य मग तो उरत नाही.

मोहर्लीत राहिल्यामुळे या गोष्टीचा एक जिवंत दाखला माझ्या नित्य पाहण्यात आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या आमच्या प्रवेशद्वारातून सकाळ-दुपार ज्या जिप्सी आत जातात त्यांच्यातील मार्गदर्शक हा व्यवसायाने अनिश्चिततेचा अभ्यासक असतो. सांबर कोठून ओरडले, ते एकदाच ओरडून थांबले की ओरडतच राहिले, वानरांचा खेकारा कोणत्या बाजूस सरकतो आहे, रस्त्यावरील पाऊलखुणा रात्रीच्या की पहाटेच्या, उन्हाळ्याची वेळ असेल तर तेलिया तलावाच्या काठी थांबावे की दुसऱ्या पाणवठ्याकडे गाडी वळवावी, याचा निवाडा तो अपुऱ्या पुराव्यावर आणि घड्याळाच्या धाकाखाली करतो. निवाडा बरोबर असूनही वाघ दिसत नाही. आणि कित्येकदा ज्याने सारी सकाळ गप्पांत घालविली त्याच्या गाडीपुढे परतीच्या वाटेवर वाघ येऊन उभा राहतो. प्रवासी मंडळी बक्षिसी देताना अर्थातच वाघ मोजतात. संध्याकाळी गाड्या परतल्यावर फाटकापाशी जे बोलणे चालते त्यात मात्र जाणती मंडळी वाघ दिसला की नाही हे एका वाक्यात संपवतात आणि सांबर-वानरांचा कॉल नीट वाचला होता की नाही, थांबावयास हवे होते तेथे थांबले की नाही, यावर तासभर घालवतात. बारा वर्षे हे काम करून ज्याला अजून प्रत्येक कोऱ्या फेरीनंतर संताप येतो असा मार्गदर्शक मी पाहिलेला नाही. तसे लोक पहिल्या एकदोन हंगामांतच दुसरा धंदा धरतात. ग्रंथकर्त्याने आपल्या दुसऱ्या प्रकरणात निर्णय आणि निकाल यांची खाती वेगळी ठेवण्याविषयी जे विवेचन केले आहे ते मला या फाटकावरच्या गप्पांमुळे अपरिचित वाटले नाही.

परंतु या विषयाचा आद्य ग्रंथ म्हणाल तर तो आपल्याकडेच आहे, आणि त्याचा संबंध या विदर्भभूमीशी जडलेला आहे. विदर्भाची राजकन्या दमयंती हिने ज्यास वरले तो निषधाधिपती नल हा द्यूताच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद खेळाडू होय, असे माझे मत आहे; युधिष्ठिराची कीर्ती अधिक असली तरी अभ्यासाच्या दृष्टीने नल अधिक मोलाचा, कारण युधिष्ठिर केवळ हरतो, नल हरतो आणि शिकतो. कथा वनपर्वात बृहदश्व ऋषीच्या मुखी आली आहे. नलाच्या देहात शिरण्यासाठी कली बारा वर्षे टपून बसला होता. एके दिवशी पाय न धुता राजा सायंसंध्येस बसला, तेवढ्या फटीतून तो आत शिरला, आणि मग भाऊ पुष्कर याच्याशी सुरू झालेला डाव महिनेच्या महिने चालला. प्रधान आले, पौरजन दारी उभे राहिले, दमयंतीने विनविले. राजा कोणाकडे मान वर करून पाहीना. या वर्णनात मला काव्यालंकारापेक्षा निरीक्षण अधिक दिसते. कली आला तो पराभवामुळे नव्हे, पराभवाच्या आधीच आला. एका क्षुल्लक नित्यकर्मात हयगय झाली त्या वेळी आला. आणि एकदा आत आल्यावर तो आला आहे हे जगातील सर्वांस दिसत होते, फक्त नलास दिसत नव्हते. आपण इरेस पेटलो आहोत हे इरेस पेटलेल्याला कळत नाही, आणि म्हणूनच त्यावरील तजवीज आधी, शुद्धीवर असताना, करून ठेवावी लागते, हा या पुस्तकाचा गाभा आहे. व्यासांनी तो एका न धुतलेल्या पायात सांगून टाकला.

अशाही अवस्थेत नलाने एक मर्यादा पाळली, ती बहुतेक वाचकांच्या ध्यानातून निसटते. राज्य, कोश सर्व गेल्यावर पुष्कराने दमयंतीस पणास लावण्याचे सुचविले. नलाचे काळीज फाटले, पण तो उत्तरादाखल एक शब्द न बोलता अंगावरचे अलंकार उतरवून एकवस्त्रानिशी निघून गेला. युधिष्ठिरास त्याच जागी थांबता आले नाही.

पुढचा भाग तर गणितज्ञांनाही मोहवणारा आहे. कर्कोटक नागाच्या दंशाने रूप पालटलेला नल बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथी झाला, आणि दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराच्या वार्तेवरून दोघेही विदर्भातील कुंडिनपुराकडे निघाले असता वाटेत एक बेहड्याचा वृक्ष लागला. ऋतुपर्णाने धावत्या रथातून पाहून सांगितले की याच्या दोन शाखांवर पाच कोटी पाने आणि २,०९५ फळे आहेत. बाहुकाने रथ थांबविला. राजाची त्वरा त्याने जुमानली नाही. तो वृक्ष पाडून फळे मोजली, ती सांगितल्याबरहुकूम भरली, आणि त्याच ठिकाणी अश्वहृदय या घोड्यांच्या विद्येच्या बदल्यात त्याने राजाकडून अक्षहृदय ही फाशांची विद्या घेतली. इयान हॅकिंग या तत्त्वज्ञाने १९७५ साली संभाव्यतेच्या इतिहासावर लिहिलेल्या ग्रंथात या प्रसंगाची दखल घेतली आहे, कारण थोड्या नमुन्यावरून साऱ्याचे अनुमान काढण्याचा असा जुना दाखला अन्यत्र सहसा मिळत नाही. प्राचीन द्यूत हे बेहड्याच्याच फळांनी खेळले जात असे. ऋग्वेदातील अक्षसूक्तातला हतभागी जुगारी, जो रोज न जाण्याचा निश्चय करतो आणि फाशांचा आवाज कानी येताच पुन्हा सभेकडे वळतो, तो याच फळांचा बंदा. फळांचा ढीग डोळ्यांनी अचूक मोजणे हे त्या खेळातले कौशल्य असावे, असा अभ्यासकांचा तर्क आहे, आणि तो पटतो. मोहर्लीच्या रानात साग, ऐन, धावडा, बिजा यांच्या संगतीने बेहडा आजही मुबलक उभा आहे, आणि त्याची फळे चितळ व वानरे निर्वेधपणे खातात. त्यांच्यावर कोणी राज्य घालविल्याचे मात्र अलीकडे ऐकिवात नाही.

ज्या क्षणी नलास अक्षहृदय प्राप्त झाले त्या क्षणी कली त्याच्या देहातून बाहेर पडला, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. क्रोध आवरून मग विद्या आली असे व्यासांनी लिहिले नाही. विद्या आली म्हणून कली निघाला. ज्यास दोन एक्के पाचसहा वेळांत एकदा हरणारच हे खरोखर, हाडामांसी, माहीत आहे, त्याला ते हरल्यावर अन्याय वाटण्याचे कारण उरत नाही. मनःशांतीचे उपदेश करणाऱ्या पुस्तकांपेक्षा हे पुस्तक मला उजवे वाटले ते यासाठी की त्यातील निम्मी पृष्ठे गणिताची आहेत. उदाहरणार्थ, मध्ये शंभर चिंचोके पडले आहेत आणि समोरच्याने पन्नास लावले. तुम्हास पन्नास घालून दीडशे मिळवावयाचे आहेत, म्हणजे चारांत एकदा जिंकण्याचा संभव असेल तर बरोबरी करणे परवडते. तुमच्याकडे एका रंगाची चार पाने जुळली आहेत आणि पाचवे हवे. न दिसलेल्या ४७ पानांत ती ९ आहेत, म्हणजे पुढच्याच पानाला येण्याचा संभव शंभरांत सुमारे १९. तेव्हा केवळ त्या एका पानाच्या आशेवर पन्नास घालणे तोट्याचे. हा हिशेब ज्याच्या जिभेवर आहे त्याचा हात पाने टाकताना थरथरत नाही. ज्याच्या नाही तो कधी आशेवर, कधी अब्रूवर खेळतो.

गणिताने सारेच साधते, असे मात्र नाही, आणि येथे अर्वाचीन मानसशास्त्राची साक्ष काढावी लागते. कानेमन व ट्व्हर्स्की या संशोधकांनी १९७९ साली मांडलेल्या उपपत्तीचे सार असे की मिळाल्याच्या आनंदापेक्षा तेवढेच गमावल्याचे दुःख मनुष्यास बरेच अधिक जाचते, आणि तोटा भरून काढण्याची संधी दिसताच एरवी जपून वागणारा मनुष्यही भलते धाडस करण्यास सिद्ध होतो. मोंते कार्लोच्या जुगारगृहात ऑगस्ट १९१३ मध्ये रूलेटच्या चक्राचा काळा रंग लागोपाठ २६ वेळा आला, आणि आता तांबडा यावयासच हवा या समजुतीने लोकांनी अलोट पैसा घालविला. चक्राला मागचे काही आठवत नसते, आठवण असते ती खेळणाऱ्यालाच. २०१७ च्या जानेवारीत पिट्सबर्ग येथे लिब्रेटस नामक संगणक-प्रणालीने चार व्यावसायिक खेळाडूंस वीस दिवसांत १,२०,००० हात खेळून पराभूत केले. त्या यंत्राचे गणित अचाट होते यात संशय नाही. परंतु वीस दिवसांत एकदाही मागच्या हाताचा राग त्याने पुढच्या हातावर काढला नाही, ही त्याची श्रेष्ठता माझ्या मते काही कमी प्रतीची नव्हे.

ग्रंथकर्त्याने परदेशी लेखकांकडून पुष्कळ घेतले आहे आणि ते योग्यच आहे. तथापि आमच्या घरांत वाढलेल्या खेळाडूचा एक दोष त्या लेखकांस ठाऊक नाही, म्हणून तो मी येथे विस्ताराने सांगतो. तो दोष भिडेचा. दिवाळीत वा पोळ्याला आते-मामेभावंडे, काका, जावई असा फड जमला म्हणजे भाचा मामाच्या बोलीवर बोली वाढवीत नाही, कारण मामांना खोटे पाडल्यासारखे दिसेल. जावई पाने टाकीत नाही, कारण सासुरवाडीस तो चिक्कू ठरेल. थोरल्या काकांनी हूल दिली आहे हे सर्वांस कळते आणि तरीही सर्वजण पाने टाकतात. आणि सर्वांत घातक म्हणजे उठण्याची भीड: जिंकत असलेल्याने उठणे हे आमच्याकडे असभ्य, आणि हरत असलेल्याने उठणे हे नामुष्कीचे, त्यामुळे उठण्याची रास्त वेळ अशी कोणालाच कधी येत नाही. युधिष्ठिराच्या कथेतील खरा बोध मला येथे दिसतो. पहिल्या द्यूतात गेलेले सर्व धृतराष्ट्राने परत दिले होते. पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेस लागले होते. आणि वाटेतच युधिष्ठिरास पुन्हा बोलावणे गेले तेव्हा परिणाम ठाऊक असूनही, वडील माणसाची आज्ञा मोडवत नाही म्हणून, तो परत फिरला. नलास कलीने बुडविले, धर्मराजास भिडेने. पहिल्या रोगाची चिकित्सा पाश्चात्त्य ग्रंथांत मुबलक मिळते. दुसऱ्यासाठी आपले औषध आपणच शोधले पाहिजे, आणि तिसऱ्या प्रकरणात सुचविलेला उपाय, की उठण्याची वेळ डाव मांडण्यापूर्वीच सर्वांसमक्ष बोलून ठरवावी आणि घरातील न खेळणाऱ्या एका व्यक्तीकडे घड्याळ सोपवावे, हा मला साधा असूनही अचूक वाटतो. घड्याळ आजीकडे दिल्यास तिच्या शब्दास आव्हान देण्याची कोणाची छाती होत नाही, म्हणजे भिडेचाच असा उपयोग होतो.

याच भिडेची दुसरी बाजू म्हणजे हुलीविषयीचा संकोच. हाती काही नसता मोठी बोली लावणे हे कित्येक पापभीरू वाचकांस असत्याचरण वाटते. जॉन फॉन नॉयमन या गणितीने ऑस्कर मॉर्गेनस्टर्नसह १९४४ साली लिहिलेल्या ग्रंथात पोकरचा एक संक्षिप्त नमुना घेऊन दाखविले की योग्य प्रमाणात हूल देणे हे चातुर्याचे प्रदर्शन नसून उत्तम खेळाचा अपरिहार्य घटक आहे. जो कधीच हूल देत नाही त्याच्या खऱ्या बोलीस कोणी बरोबरी करीत नाही आणि त्याची चांगली पाने वाया जातात. तेव्हा पकडल्या गेलेल्या हुलीची लाज बाळगण्याचे प्रयोजन नाही. ती अधूनमधून पकडली जाणे हे हिशेबात धरलेलेच असते.

तयारीच्या तपशिलाविषयी मी फार लिहीत नाही. ते काम पुस्तकाचे आहे. झोप अपुरी असता, घरात वाद झाला असता, पोटात मद्य असता बसू नये, हे कोणीही सांगेल. मला विशेष आवडली ती कागदाची शिस्त. बसण्यापूर्वी तीन ओळी लिहावयाच्या: किती चिंचोके, किती वाजेपर्यंत, आणि आज कोणती एक गोष्ट सुधारावयाची. खेळताना प्रत्येक मोठ्या हातानंतर निकाल न लिहिता केवळ निर्णय लिहावयाचा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्री नव्हे, तो कागद वाचावयाचा. आपल्या शरीराची चिन्हे ओळखण्यावर एक छोटे प्रकरण आहे: कोणाचे कान तापतात, कोणी चिंचोके आदळून ठेवू लागतो, कोणी एकाएकी विनोदी होतो. प्रत्येकाने आपले चिन्ह दुसऱ्याकडून विचारून घ्यावे, अशी सूचना ग्रंथकर्त्याने केली आहे, आणि ज्यांनी नलाच्या दरबारातील त्या हतबल प्रधानांची गोष्ट वाचली आहे त्यांस तिचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

राहिला प्रश्न चिंचोक्यांचा. पैसे नसतील तर खेळास धार राहत नाही, हा आक्षेप जुना आहे आणि निम्मा खरा आहे: ज्याला गमावण्यासारखे काही नाही तो प्रत्येक बोलीस बरोबरी करतो आणि मग बोलीचा अर्थच नाहीसा होतो. परंतु यावर उपाय खेळाच्याच इतिहासात आहे. लास व्हेगास येथे १९७० साली पोकरची जागतिक स्पर्धा म्हणून जी भरली तीत खेळाडूंनी मते देऊन श्रेष्ठ खेळाडू निवडला, परंतु ती रीत टिकली नाही. १९७१ पासून प्रत्येकास ठराविक चकत्या देऊन त्या संपल्या की तो बाद, असा शिरस्ता सुरू झाला. तोच येथे लावावा. प्रत्येकास शंभर चिंचोके द्यावेत, ते संपल्यावर त्या रात्रीपुरते नवे मिळू नयेत, आणि जो बाद झाला त्याने सर्वांसाठी चहा करावा. चिंचोका मोलाचा होतो तो तो संपू शकतो म्हणून. मी पाहिले आहे की दहाव्या हातापर्यंत अगदी उधळ्या भाच्याचीही बोली सावध झालेली असते.

शेवटी, हे पुस्तक कोणासाठी नाही, तेही सांगणे माझे कर्तव्य आहे. ज्याच्या खेळण्याची गोष्ट घरी लपविली जाते, ज्याने गमावलेले परत मिळविण्यासाठी उसनवार केली आहे, ज्याचा न खेळण्याचा निश्चय अक्षसूक्तातील त्या माणसाप्रमाणे संध्याकाळपर्यंत टिकत नाही, त्याने या पुस्तकातील गणिताचा आधार घेऊन आपली सुटका करून घेण्याच्या फंदात पडू नये. जागतिक आरोग्य संघटनेने अशा अवस्थेस विकारांच्या सूचीत स्थान दिले आहे आणि तिच्यावर उपचार आहेत. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही उत्तर देतो. इतरांनी मात्र पुस्तक पहिल्या पानापासून क्रमाने वाचावे, गणिताची प्रकरणे वगळू नयेत, आणि दर प्रकरणानंतर एक रात्र खेळून मगच पुढे जावे. छापखान्याच्या घाईमुळे चौथ्या प्रकरणातील कोष्टके पुस्तकाच्या शेवटी गेली आहेत. ती तेथून काढून जवळ ठेवल्यास सोयीचे होईल.

मोहर्ली, जि. चंद्रपूर